चोथा गाडाभर, गरज चमचाभर

दोन महिन्यांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील एक तरुण शेतकरी हातात पिशवी घेऊन उभा होता. पिशवीत जांभळट-तपकिरी रंगाचा वाळलेला भुसा होता. मला वाटले, कुठले तरी नवे खत असावे. तो म्हणाला, "फादर, हा द्राक्षांचा चोथा. नाशिककडच्या वाइनच्या कारखान्यातून आणलाय. याची भुकटी दह्यात घातली की दही घट्ट होतं, डेअरीवाले पैसे मोजून घेतात, असं एकानं सांगितलं. वाळवायचं आणि दळायचं यंत्र घ्यावं म्हणतोय. जमीन तारण ठेवून कर्ज मिळेल. तुम्हाला काय वाटतं?"

जमीन तारण ठेवण्याची गोष्ट निघाल्यावर उभ्या उभ्या उत्तर देणे बरे नव्हे. मी त्याच्याकडे थोडी मुदत मागितली. त्या मुदतीत जे वाचले, ज्यांना कळते त्यांना विचारले आणि त्याच्याच घरी जे करून पाहिले, ते त्याच्या संमतीने येथे मांडत आहे. कारण अशीच पिशवी घेऊन उद्या आणखी कोणी आपल्यापैकी एखाद्याच्या दारी येईल.

प्रथम चोथा म्हणजे काय ते पाहू. वाइनसाठी द्राक्षे चिरडून रस काढला की मागे साली, बिया, थोडे देठ आणि सालींना चिकटलेला गर उरतो. वजनाने पाहता 100 किलो द्राक्षांमागे 20 ते 25 किलो ओला चोथा निघतो. तांबड्या वाइनसाठी साली आणि बिया रसाबरोबरच आंबू देतात व नंतर पिळतात. म्हणून त्या चोथ्यात साखर फारशी राहत नाही. थोडा मद्यार्क असतो, तो वाळवताना उडून जातो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच पिळून घेतात, म्हणून त्या चोथ्यात साखर बरीच असते. दोन्ही चोथे आपल्या हवेत एक-दोन दिवसांत बिघडतात. आधी आंबूस वास येतो, मग बुरशी धरते.

हा माल आता आपल्यापासून फार लांबचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले आणि विंचूर व पलूस येथे वाइन उद्यानांसाठी जागा ठरल्या. कर्नाटकाचे धोरण 2007 साली आले. जानेवारी ते मार्च हा वाइनच्या द्राक्षांचा हंगाम, आणि त्या तीन महिन्यांत चोथ्याचे ढीग लागतात. असा ढीग ओढ्याकाठी टाकला, तर त्यातून झिरपणारे पाणी ओढ्यातील प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे मरतात. तेव्हा चोथ्याचे काहीतरी चांगले करावे, हा त्या तरुणाचा विचार मुळात योग्यच आहे. कष्टाने पिकवलेल्या फळाचा चौथा हिस्सा घाण म्हणून फेकणे मलाही पटत नाही.

आता दह्याकडे वळू. आपल्याकडे बहुतेक गोठ्यांत संकरित गाई आल्या. दूध वाढले, पण दही पूर्वीसारखे कवडीदार लागत नाही अशी घरोघरी तक्रार आहे. कारण साधे आहे. म्हशीच्या दुधात 6 ते 7 टक्के स्निग्धांश आणि एकूण घन पदार्थ सुमारे 16 टक्के असतात. होल्स्टीन जातीच्या संकरित गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि एकूण घन पदार्थ 12 टक्क्यांच्या आसपास. ज्या दुधात माल कमी, त्याचे दही पातळ. यात विरजणाचा दोष नाही.

दही लागते म्हणजे काय होते? दुधातील केसीन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपाने दुधात तरंगत असते. विरजणातील जंतू दुधाची साखर खाऊन आम्ल तयार करतात. दुधाचा सामू उतरत 4.6 च्या जवळ आला की हे कण एकमेकांना चिकटून जाळे विणतात. त्या जाळ्याच्या घरांत पाणी अडकून राहते, तेच आपले दही. जाळे दाट विणले गेले तर दही घट्ट. विरळ असले किंवा धक्का लागून फाटले, तर दह्याला पाणी सुटते.

चोथ्याची भुकटी येथे दोन कामे करू शकते. वाळलेल्या चोथ्यात जवळजवळ निम्मा भाग, कित्येकदा त्याहून जास्त, तंतुमय असतो. हे तंतू पाणी शोषून धरतात. दुसरे म्हणजे त्यातील तुरट द्रव्य, ज्याला टॅनिन म्हणतात, ते प्रथिनाला धरून बसते. चहाचा नुसता काढा तोंडाला तुरट लागतो आणि दूध घातले की तुरटपणा कमी होतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. तेथे दुधातील केसीन टॅनिनला पकडते. हीच पकड थोड्या प्रमाणात दह्याच्या जाळ्याला आधार देऊ शकते.

परंतु प्रमाण ओलांडले की हाच आधार बोजा होतो. भुकटीचे कण जाळ्याच्या मध्येच येऊन बसतात आणि धागे जुळू देत नाहीत. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी पिनो न्वार या तांबड्या वाइनच्या द्राक्षाचा चोथा दह्यात घालून पाहिला. सुमारे 1 टक्का भुकटीचे दही चाखणाऱ्यांना त्यातल्या त्यात आवडले. इटलीतील तुरीन येथील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सालींची भुकटी 6 टक्क्यांपर्यंत नेली. पाणी सुटणे कमी झाले खरे, पण चाखणाऱ्यांनी मुख्य दोष दाखवला तो पोताचाच. म्हणजे जे सुधारायचे होते, तेच बिघडले. तैवानमध्ये 2009 साली वाइनच्या पिंपाच्या तळाशी बसणारा गाळ आइस्क्रीममध्ये घालून पाहिला, तेथे मिश्रणाला चांगला दाटपणा आला. हा गाळ म्हणजे मुख्यतः मेलेले किण्व. तो मऊ असतो, सालीसारखा खरखरीत नसतो.

इटलीच्या व्हेनेतो प्रांतात चीजचे गोळे वाइनच्या ओल्या चोथ्यात पुरून मुरवतात. त्याला तेथे 'उब्रियाको', म्हणजे झिंगलेले, असे नाव आहे. पण त्यात चोथा बाहेरून असतो. वास आणि रंग सालीला लागतो, खाताना चोथा दाताखाली येत नाही. चोथा आणि दूध यांची गाठ कोठे घालावी आणि कोठे घालू नये, याची समज त्या गवळ्यांना आहे, असे मला वाटते.

पुस्तकातले पुरे, आपण करून पाहू, असे त्या तरुणाची आई म्हणाली. तिने चोथा पुन्हा उन्हात कडकडीत वाळवला, चाळून बिया वेगळ्या केल्या आणि साली मिक्सरमध्ये दळून पीठ वस्त्रगाळ केले. बिया काढणे आवश्यक आहे. सुक्या चोथ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास बियाच असतात; त्यांत तेल असते, ते खवट होते, आणि दळलेली बी कितीही चाळली तरी वाळूसारखी लागते.

एकाच गाईचे एक-एक लिटर दूध चार पातेल्यांत घेतले. पहिल्यात काही घातले नाही. दुसऱ्यात विरजणाच्या वेळी 10 ग्रॅम भुकटी, म्हणजे 1 टक्का, घातली. तिसऱ्यात 50 ग्रॅम घातली. चौथे दूध मंद आचेवर 15 मिनिटे उकळत ठेवून, कोमट करून विरजले आणि त्यातही भुकटी घातली नाही. भुकटी पडताच दुधाला राखाडी-जांभळी छटा आली. सकाळी दही आंबट झाले तेव्हा तीच छटा गुलाबीकडे वळली. द्राक्षाच्या रंगाचा हा स्वभावच आहे, आम्लात तो लाल होतो.

सकाळी पाहिले तर दुसऱ्या पातेल्यात भुकटी तळाशी बसली होती. वरचे दही साध्या दह्यासारखेच आणि खाली चिखलासारखा थर. तिसऱ्यात दही धड लागलेच नाही, कण्या-कण्या झाल्या. भुकटी स्वतः आंबट असल्याने दूध विरजणाआधीच बिथरले असावे. आणि चौथे, ज्यात काहीच घातले नव्हते, ते चौघांत सर्वांत घट्ट निघाले. ती माउली मुलाकडे पाहून म्हणाली, "यंत्र नको, गॅस थोडा जास्त जळू दे."

तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. दूध 85 अंशांवर अर्धा तास किंवा 90 ते 95 अंशांवर 5 मिनिटे तापवले, की निवळीबरोबर वाहून जाणारी प्रथिनेही केसीनला चिकटतात आणि जाळे दाट होते. दही विकणाऱ्या डेअऱ्या हेच करतात. शिवाय लिटरमागे 20 ते 30 ग्रॅम दुधाची पावडर मिसळली किंवा मातीच्या भांड्यात दही लावले, तरी फरक पडतो. हे उपाय स्वस्त आहेत आणि आपल्या हातातले आहेत.

मग भुकटी निरुपयोगी ठरली काय? नाही. उरलेले साधे दही फडक्यात टांगून तिने चक्का केला, साखर फेटली आणि श्रीखंडात किलोमागे 10 ग्रॅम भुकटी शेवटी मिसळली. चक्का दाट असल्याने भुकटी तळाशी बसली नाही. दुसऱ्या दिवशीही कडेला पाणी सुटलेले दिसले नाही. रंग सुरेख आला आणि किंचित तुरटपणामुळे गोडाचा मारा कमी झाला. मुलांनी वाटी चाटून पुसली. यावरून मला असे दिसते की भुकटीची जागा विरजायच्या दुधात नाही. फेटलेल्या, दाट, गोड पदार्थांत आहे: श्रीखंड, आइस्क्रीम, फेटलेले फळांचे दही. आणि तेथेही चमचाभरच.

आता हिशेब करू, कारण कर्ज हिशेबावर फेडायचे असते. 1 टन द्राक्षांमागे 200 ते 250 किलो ओला चोथा. त्यातील निम्म्याहून अधिक पाणी गेले की 80 ते 100 किलो सुका. बिया आणि देठ काढले की ढोबळमानाने 40 किलो सालींची भुकटी. किलोमागे 10 ग्रॅम या प्रमाणाने एवढी भुकटी 4,000 किलो श्रीखंडाला पुरते. 100 टन द्राक्षे घेणारा एकच लहान कारखाना 4 लाख किलो श्रीखंडाला पुरेल एवढी भुकटी देईल. एवढे गुलाबी श्रीखंड आपल्या भागात कोण करणार आणि कोण खाणार? चोथा गाडाभर आहे, पण गरज चमचाभर आहे. यंत्र विकणारा माणूस गाडीचा हिशेब दाखवतो, चमच्याचा दाखवत नाही. शिवाय ज्याच्याकडे चोथा आहे तो कारखानदार, ज्याच्याकडे ग्राहक आहे तो डेअरीवाला. मधल्या माणसाने जमीन तारण ठेवून यंत्र घेतले, तर दोघांपैकी कोणीही एकाने पाठ फिरवताच यंत्र बंद आणि हप्ते चालू, अशी स्थिती होईल. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. या धंद्यासाठी आज कोणीही जमीन गहाण ठेवू नये.

आरोग्याच्या बाजूनेही चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. द्राक्षावर किती फवारण्या होतात हे बागाईतदारांना सांगायला नको. फवाऱ्याचे अंश सालीवर राहतात, आणि आपण तर नेमकी सालच वाळवून दळतो. म्हणून कोणत्या बागेचा माल, शेवटची फवारणी केव्हाची, हे माहीत नसलेला चोथा खाण्यात आणू नये. पुण्याजवळ मांजरी येथे 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे; अशा अंशांच्या तपासणीचे काम तेथे चालते. विक्रीचा विचार असेल त्याने आधी तपासणी करून घ्यावी. बुरशी लागलेला चोथा वाळवून शुद्ध होत नाही. काही बुरशींचे विष उष्णतेने जात नाही, त्यामुळे असा चोथा माणसाला नको आणि जनावरालाही नको.

भुकटीने मधुमेह जातो, हृदय सुधारते अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. तंतुमय पदार्थ पोटाला चांगले आणि द्राक्षाच्या सालीत गुणकारी द्रव्ये आहेत, इथपर्यंत ठीक. पण 10 ग्रॅम भुकटी घातलेल्या किलोभर श्रीखंडातून आपल्या वाटीत येते ती एखादा ग्रॅम, आणि साखर मात्र मूठभर. उलट टॅनिन अन्नातील लोहाला अडवते. ज्या बायाबापड्यांना रक्त कमी आहे, त्यांनी जेवणाबरोबर असे तुरट पदार्थ टाळावेत. चहाबद्दल डॉक्टर सांगतात तेच येथेही लागू आहे.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण मोह तेथेच आहे. दूध पाणी घालून वाढवायचे आणि दही घट्ट दिसावे म्हणून भुकट्या घालायच्या, ही वाट सोपी आहे. चोथ्याची भुकटी त्या वाटेवरची आणखी एक पायरी होऊ नये. ज्या दह्यात द्राक्षाची साल आहे, त्यावर तसे लिहून विकावे. साधे दही म्हणून विकायचे ते दूध आणि विरजण यांचेच असावे. विक्री करणाऱ्याने, मग ती घरगुती का असेना, अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी. हा कायदा 2006 सालचा आहे आणि तो लहानांनाही लागू आहे.

मग गाडाभर चोथ्याचे करायचे काय? शेणात मिसळून, वरखाली करून, नीट कुजवून त्याचे खत होते. कोरडवाहू जमिनीला असा सेंद्रिय माल हवाच असतो. गुरांना थोडा चालतो, पण टॅनिनमुळे वैरणीतील प्रथिन पुरते अंगी लागत नाही, म्हणून वैरणीचा मोठा हिस्सा त्याचा नसावा. मेंढ्यांना तर देऊच नये असे मी म्हणेन. मोरचुदाच्या फवारणीचे तांबे सालीवर राहते आणि मेंढीला तांबे सोसत नाही. गुरांना देण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे.

ज्यांना दुधाच्या पदार्थांत हात घालायचा आहे, त्यांनी एकट्याने उडी घेऊ नये. आपल्या महिला मंडळाने किंवा गावच्या दूध संस्थेने पुढच्या हंगामात माहितीतल्या बागेचा 5 किलो चोथा आणावा. तो पिळल्याच्या दिवशीच पातळ पसरून वाळवावा. सण-लग्नाच्या दिवसांत थोडे गुलाबी श्रीखंड करून, त्यावर काय घातले आहे ते लिहून विकावे. लोक दुसऱ्यांदा मागायला आले, तर तिसऱ्या वर्षी यंत्राचा विचार करता येईल, आणि तोही संस्थेच्या नावावर.

त्या तरुणाला मी हेच सांगितले. तो थोडा हिरमुसला. "म्हणजे पुन्हा वर्षभर थांबायचं, फादर?" असे म्हणाला. मी म्हटले, "वर्ष थांबलास तर वर्ष जाईल. जमीन गेली तर ती परत येत नाही." त्याने कर्जाचा अर्ज अजून भरलेला नाही. त्याच्या आईने मात्र दूध उकळण्याची वेळ वाढवली आहे, आणि त्यांच्या घरचे दही आता कवडीदार लागते, हे मी स्वतः जेवून आलो आहे.